हशा ५३व्या मिनिटाला, ‘समजलं नाही’ ९२व्या मिनिटाला

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझी समजूत चुकली असेल तर इथेच कळेल. मित्रांच्या आणि मामांच्या पैशांतून तुम्ही ९८ मिनिटांचा विज्ञान-थरारपट केलात. कानाची मशीन दुरुस्त करणाऱ्या एका माणसाला एका जुन्या मशीनमधून ४० मिनिटं पुढचे आवाज ऐकू येऊ लागतात, अशी गोष्ट. इंदुरात एका छोट्या सभागृहात चाळीसेक लोकांना तो दाखवलात. निम्म्या लोकांनी कागदावर ‘शेवट समजला नाही’ असं लिहिलं, काहींना पहिला भाग लांबलेला वाटला, चौघं मध्येच उठून गेले. आणि ५३व्या मिनिटाला, जिथे अंगावर काटा यायला हवा होता, तिथे हॉल हसला. आता मामा म्हणताहेत की सुरुवातीला आणि शेवटी निवेदन टाक, सगळं सांगून मोकळा हो. तुमचा सवाल एवढाच, की ऐकायचं कुणाचं?

मी चित्रपट पाहिलेला नाही, तेव्हा खालचं सगळं ‘असं असू शकतं’ या बेताचं समजा. पण वीसेक वर्षं संकलन करतोय, त्यातली दहा-बारा वर्षं कच्च्या चित्रपटांचे असे चाचणी खेळ लावून देतोय, आणि या तक्रारी मला ओळखीच्या वाटतात. पाय दुखतो म्हणून माणूस डॉक्टरकडे जातो आणि गादी सरकलेली असते कमरेत. चित्रपटातही तसंच होतं. प्रेक्षक ९२व्या मिनिटाला ‘कळलं नाही’ म्हणतो, आणि कळायचं राहून गेलेलं असतं त्याच्या बरंच आधी. तुमच्या बाबतीत नेमकं कुठे, याचा एक अंदाज माझ्याकडे आहे. त्याआधी हॉलमध्ये कोण बसलं होतं ते बघू.

तुम्ही लिहिलंय की बहुतेक लोक मामांच्या ओळखीचे, रामबाग आणि लोकमान्यनगरातले. म्हणजे आपलीच माणसं. आपली माणसं दोन तऱ्हांनी खोटं बोलतात. एक ‘मस्त झालंय भिया’ म्हणून पोह्यांच्या प्लेटीकडे वळतात. दुसरे, तुम्ही नोकरी सोडून हे केलंत याचा राग ‘पहिला भाग लांबला’ या वाक्यात भरतात. दोघांचाही चित्रपटाशी फारसा संबंध नसतो. जयंत नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली, ती ‘नारायण विनायक जगताप’ या नावानं. स्वतःची आद्याक्षरं उलटी केली आणि अक्षर कुणी ओळखू नये म्हणून कथा पत्नीच्या हातून लिहून घेतली. पहिलं बक्षीस मिळालं, आणि ते कथेला मिळालं, नावाला नाही, हे त्यांना नक्की कळलं. एवढ्या मोठ्या माणसाला ही खबरदारी घ्यावीशी वाटली. आपण तर मामांच्या ओळखीवर हॉल भरतो. म्हणून त्या कागदांवरच्या ‘छान’ आणि ‘लांबला’ या दोन शब्दांना मी फार महत्त्व देणार नाही. ‘समजला नाही’ला देईन. ते लिहिताना माणूस स्वतःकडे थोडा कमीपणा घेतो, त्यामुळे सहसा उगाच लिहीत नाही.

आता ‘समजला नाही’ची फोड करू. यात दोन अगदी वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. एक म्हणजे कोडं सुटलं नाही. दुसरी, कोडं काय होतं तेच कळलं नाही. पहिली चालते. शेन कॅरूथ या गणित शिकलेल्या सॉफ्टवेअर इंजिनिअरनं सुमारे ७००० डॉलरमध्ये ‘प्रायमर’ केला, ७७ मिनिटांचा. त्याला २००४ साली अमेरिकेतल्या सनडान्स चित्रपट महोत्सवाचं ग्रँड ज्युरी पारितोषिक मिळालं. कालप्रवासाच्या त्या गुंत्यात कोण कधी कुठे होता, याचे तक्ते लोक अजून काढतात, तरी भांडण मिटत नाही. पण दोन मित्रांनी काहीतरी बनवलंय आणि त्यांचा एकमेकांवरचा विश्वास उडत चाललाय, एवढं पहिल्यांदा बघणाऱ्यालाही कळतं. ‘कोहिरन्स’ हा २०१३ सालचा चित्रपट जेम्स वॉर्ड बायर्किट यांनी स्वतःच्या घरात पाच रात्रींत चित्रित केला. नटांच्या हातात पूर्ण संहिताही नव्हती, प्रत्येकाला रोज आपल्यापुरत्या टिपा मिळायच्या. जेवणाच्या टेबलावरचे जुने हेवेदावे पहिल्या दहा मिनिटांत लक्षात येतात, म्हणून नंतर विश्वाचे कितीही तुकडे झाले तरी प्रेक्षक खुर्ची सोडत नाही. माणसं कळली की भौतिकशास्त्र उधारीवर चालतं.

तुमच्या कागदांवरून यातला कोणता प्रकार आहे ते कळणार नाही, कारण तुम्ही ‘शेवट समजला का?’ असं विचारलंत. पुढच्या वेळी ‘ही गोष्ट चार ओळींत लिहा’ असं सांगा. त्या चार ओळींत नायकाला काय हवंय हे बरोबर आलं आणि फक्त शेवट चुकला, तर काम पंधरा दिवसांचं आहे. नायकाचीच गोष्ट प्रत्येक जण वेगळी लिहीत असेल तर काम मोठं आहे, आणि ते संकलनात पुरं होईलच असं मी सांगू शकत नाही.

आता माझा अंदाज. प्रश्नात तुम्ही दोन गोष्टी लांब-लांब लिहिल्या आहेत. त्या शेजारी-शेजारी ठेवून बघा. हशा झाला ५३व्या मिनिटाला: बहीण पोहे वाढत विचारते, ‘जीरावन घालू का?’ (पोह्यांवर भुरभुरतात तो इंदुरी मसाला), आणि त्याच क्षणी नायकाला मशीनमधून स्वतःचीच किंकाळी ऐकू येते. आणि शेवटाचा सगळा उलगडा, तुमच्याच शब्दांत, ‘त्याच प्रसंगात ऐकू येणाऱ्या शटरच्या आवाजावर’ आहे. ९२व्या मिनिटाला दुकानाचं शटर पडतं आणि प्रेक्षकाला आठवायला हवं की हा आवाज आपण ऐकलाय. बरं, किंकाळी आणि शटर यांच्यात अंतर किती? माझी पैज आहे, तीन सेकंदांपेक्षा जास्त नसणार.

चाळीस माणसांचा हशा चार ते सहा सेकंद चालतो. तुमचं शटर त्या हशाखाली पडलं. हॉलमधल्या निम्म्या लोकांनी ते ऐकलंच नाही, मग शेवटी आठवणार काय? ‘शेवट समजला नाही’ हे त्यांचं म्हणणं अक्षरशः खरं आहे, आणि शेवटात एक फ्रेमही बदलायची गरज नसेल.

नाटकवाल्यांना हे पाठ असतं. हशा आला की नट थांबतो, ओसरू लागला की पुढचं वाक्य टाकतो. ‘सानंद’ या इथल्या मराठी सांस्कृतिक संस्थेच्या नाट्यप्रयोगांना जाणारा आपला इंदुरी मराठी प्रेक्षक मोकळेपणानं दाद द्यायला सरावलेला आहे, आणि समोरचा आपल्यासाठी थांबेल हे तो गृहीत धरतो. पडदा थांबत नाही. म्हणून थांबण्याची जागा संकलकानं आधीच कापून ठेवायची असते. हशानंतर बहिणीचा एक शॉट, ती जीरावनची वाटी खाली ठेवते, नायक बोलत नाही. सहा-सात सेकंद. मग शटर. घरी एकट्यानं बघणाऱ्याला ही शांतता ताणासारखी वाटेल, हॉलमध्ये ती हशा ओसरायला उपयोगी पडेल.

त्या हशाचं वाईट वाटून घेऊ नका. हसण्याचे प्रकार असतात आणि ते कानाला वेगळे लागतात. टिंगलीचं हसू मागच्या रांगेतून, एका-दोघांपासून सुरू होतं आणि पुढे सरकतं. त्यात शब्द असतात, कुणीतरी काहीतरी बोलतं. भीतीतून सुटल्याचं हसू सगळीकडून एकदम येतं आणि एकदम विझतं. किंकाळी आणि जीरावन शेजारी आल्यावर इंदूरचा माणूस हसणार नाही तर काय करणार? पण तेवढं हसायला तो आधी ताणलेला असावा लागतो. तुम्ही लिहिलंय, ‘सगळा हॉल एकदम हसला’. हे वाचून मला तर बरंच वाटलं.

आवाजाबद्दल आणखी थोडं लांबवतो, कारण तुमची गोष्टच कानाची आहे. मिक्सिंग, म्हणजे सगळ्या आवाजांची शेवटची जुळणी, कशावर ऐकून केलंत? हेडफोनवर केलं असेल, आणि माझा तोच संशय आहे, तर पुढच्या काळातले आवाज वेगळे वाटावेत म्हणून तुम्ही खाली एक खर्जातली घरघर ठेवली असणार. सगळे तेच करतात. छोट्या सभागृहात पंख्यांचा आणि एसीचा आवाज त्याच पट्ट्यात असतो, शिवाय वायरिंग जुनं असेल तर स्पीकरमधून विजेची ५० हर्ट्झची गुणगुण येते. घरघर तिच्यात विरघळते. मोबाइलच्या स्पीकरमधून तर ती बाहेरच पडत नाही. मग आत्ताचा आवाज कोणता आणि ४० मिनिटं पुढचा कोणता, हेच कळत नाही, आणि कागदावर पुन्हा ‘समजलं नाही’.

माणसाचा कान साधारण २००० ते ५००० हर्ट्झच्या दरम्यान सगळ्यात तिखट असतो. आणि तुमच्या हाताशी तर फुकटची खूण आहे. आजोबांच्या कानातली मशीन नीट बसली नाही की शिट्टी वाजते ना? मोठा केलेला आवाज कानातून निसटून परत मशीनच्या माइकमध्ये शिरतो, म्हणून ती वाजते. ही शिट्टी ज्याच्या घरात म्हातारं माणूस आहे त्या प्रत्येकाला माहीत आहे. पुढचा आवाज येण्याआधी दर वेळी अर्धा सेकंद ती शिट्टी द्या. चौथ्या वेळी नुसती शिट्टी वाजली तरी हॉल सावरून बसेल. एकच काळजी: वय वाढलं की वरच्या पट्टीतले आवाज आधी जातात, तेव्हा शिट्टी २००० ते ३००० हर्ट्झच्या आसपास ठेवा. आणि हो, त्या कागदांवर वय लिहून घेतलं असेल तर एकदा वेगळे करून बघा. ‘समजलं नाही’ लिहिणारे बहुतेक साठीच्या पुढचे निघाले, तर तुमचा प्रश्न पटकथेचा नसून मिक्सिंगचा आहे.

‘पहिला भाग लांबला’ याला मी वर किंमत दिली नाही, पण ते साफ टाकूनही देऊ नका. इथे मी स्वतः एकदा तोंडावर पडलोय. काही वर्षांपूर्वी एक छोटा चित्रपट माझ्याकडे होता. शहराच्या पाण्याच्या टाकीवर रात्रपाळी करणारा माणूस, आणि टाकीत काहीतरी आहे. बावीस लोकांना दाखवला, चौदांनी लिहिलं ‘मधला भाग संथ’. मी शहाण्यासारखा मधली सहा मिनिटं उडवली. पुन्हा दाखवला, नवे लोक. तेही म्हणाले संथ, वर ‘शेवट अचानक आला’ ही नवी तक्रार. दहा दिवस मी आणि दिग्दर्शक एकमेकांशी धड बोललो नाही. मग एका रात्री अगदी पहिला रफ कट, म्हणजे कच्चं संकलन, लावला, तेव्हा दिसलं की नवव्या मिनिटाला भिंतीवरच्या घड्याळाचा एक शॉट होता आणि त्यावर एक वाक्य, की पहाटे चारला टाकी भरते. शॉटचा फोकस किंचित सुटला होता, म्हणून मीच तो काढला होता. चार वाजता काहीतरी होणार हे प्रेक्षकाला माहीतच नव्हतं, मग रात्री दोन ते साडेतीन तो कशाची वाट बघणार? तो सुटलेल्या फोकसचा पाच सेकंदांचा शॉट परत घातला, उडवलेली सहा मिनिटंही परत घातली. चित्रपट आता आधीच्यापेक्षा लांब होता. तिसऱ्या खेळात ‘संथ’ हा शब्द एकानं लिहिला.

तेव्हा कात्री चालवण्याआधी बघा, की तुमच्या पहिल्या अर्ध्या तासात प्रेक्षकाला वाट बघायला काही दिलंय का. ‘४० मिनिटं’ हा आकडा कितव्या मिनिटाला कळतो? पंचविसाव्या मिनिटानंतर कळत असेल तर तो आधी आणा. आकडा कळला की प्रेक्षक स्वतःच हिशोब करू लागतो.

आता मामा. ते निवेदन मागताहेत म्हणून त्यांना हसू नका, मोठमोठ्या स्टुडिओंनी तेच केलंय. रिडली स्कॉट यांच्या ‘ब्लेड रनर’चे १९८२ मध्ये डेन्व्हर आणि डॅलस इथे चाचणी खेळ झाले, लोक गोंधळले, नाराज झाले. प्रदर्शित आवृत्तीत नायकाच्या आवाजातलं निवेदन आलं आणि एक सुखाचा शेवट जोडला गेला. त्या शेवटातली डोंगररस्त्याची हवाई दृश्यं तर कुब्रिकच्या ‘द शायनिंग’साठी घेऊन न वापरलेल्या फिल्ममधली होती. एवढं करून तिकीटबारीवर तो तेव्हा चालला नाही तो नाहीच. १९९२ मध्ये निवेदन आणि तो शेवट दोन्ही काढून आवृत्ती आली, आज लोक त्याच वळणाचा चित्रपट डोक्यावर घेतात. डेन्व्हरचे प्रेक्षक खोटं बोलत नव्हते, ते खरंच गोंधळले होते. औषध मात्र दुसऱ्याच रोगाचं दिलं गेलं.

निवेदन मुळातच वाईट असतं असं मी म्हणत नाही. क्रिस मार्कर यांचा १९६२ सालचा ‘ला जेते’ हा जवळजवळ पूर्णपणे स्थिर छायाचित्रांचा आणि निवेदनाचा आहे, २८ मिनिटं, आणि त्यातला एकही शब्द मी काढू देणार नाही. पण तिथे निवेदन पहिल्या दिवसापासून रचनेत आहे. तुमच्या चित्रपटात ते नंतर चिकटवलेलं असेल, आणि कानावर जगणाऱ्या गोष्टीत आणखी एक आवाज वाढेल, जो ना आत्ताचा ना ४० मिनिटं पुढचा. मामांना सांगा की आधी शटर सात सेकंद सरकवून बघतो. खर्च शून्य. त्यानंही लोकांना कळलं नाही तर निवेदनावर बोलू.

उठून गेलेल्या चौघांचं फार मनावर घेऊ नका. ते कशासाठी आले होते तेवढं मात्र शोधा. स्टीव्हन सोडरबर्ग यांच्या २००२ सालच्या ‘सोलॅरिस’ला ‘सिनेमास्कोर’च्या पहिल्या दिवसाच्या प्रेक्षकपाहणीत ‘एफ’ मिळाला, म्हणजे सरळ नापास. जॉर्ज क्लूनी आणि अंतराळ म्हटल्यावर लोक काहीतरी धावपळीचं बघायला आले होते, समोर आलं ते दुःख. तुमच्या निमंत्रणावर ‘थरारपट’ एवढंच छापलं होतं का? मग वीस मिनिटांत खून न दिसल्यानं कुणी उठलं, तर तो निमंत्रणाचा दोष.

आणि एक जमात इंदुरात हमखास भेटते, त्यासाठी तयार राहा: कॅटमधून निवृत्त झालेले काका. राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र या इथल्या संशोधन संस्थेला गावात अजून सगळे कॅट या जुन्या नावानंच ओळखतात. तिथे लेझर आणि सिंक्रोट्रॉनवर आयुष्य घालवलेला माणूस तुमच्या विज्ञानकथेला आला की काहीतरी काढणारच. माझ्या एका खेळात अशाच एका काकांनी सांगितलं, की निर्वात नळीतला लेझर बाजूनं दिसत नाही, दिसायला धूळ किंवा धूर लागतो. बरोबरच होतं त्यांचं. मी त्यांना विचारलं, हे तुमच्या लक्षात कधी आलं? म्हणाले, ‘तसं लगेच, पण त्रास नंतर व्हायला लागला, तो मुलगा भिंतीतून आरपार गेला तेव्हापासून.’ चित्रपटानं स्वतः घातलेला नियम तिथे मोडला होता, आणि त्यानंतर त्यांना सगळ्याच चुका दिसू लागल्या. तुम्ही ४० मिनिटं म्हणालात ना, मग ती कुठेही ३५ किंवा ५० होऊ देऊ नका. पुढचे आवाज कानात येतातच कसे, हे कुणी फारसं विचारणार नाही.

इथवरचं सगळं घड्याळावर बेतलेलं आहे, म्हणून पुढचा खेळ तसाच लावा. चाळीस लोक एकदम नकोत, पंधरा-सोळा पुरेत, आणि तेही अनोळखी. विद्यापीठातली मुलं, दोन-तीन बँकवाले, दोन-तीन आज्या. मामांना त्या दिवशी दुसरं काम द्या. हॉलमध्ये एक साधा रेकॉर्डर चित्रपटाबरोबर चालू करा. नंतर ते रेकॉर्डिंग संकलनाच्या टाइमलाइनवर चित्रपटाखाली ठेवलंत की हशा, खोकला, खुर्चीची करकर, सगळं मिनिट-सेकंदासकट दिसतं. एकाच जागी तीन खोकले आले तर ती जागा ढिली आहे, कागदावर कुणी काही लिहो न लिहो. दिवे लागल्यावर आधी कागद भरून घ्या, गप्पा नंतर. पहिला मोठ्यानं बोलणारा सगळ्यांचं मत ठरवून टाकतो. आठवड्यानं त्यातल्या चार-पाच जणांना फोन करून विचारा, काय आठवतंय? ९२व्या मिनिटाचं शटर आठवत असेल तर निम्मं काम झालं.

आणि तुम्ही स्वतः मागे बसू नका. पुढे भिंतीच्या कडेला खुर्ची टाका, पडद्याकडे पाठ करून, म्हणजे तोंडं दिसतील. ५३वं मिनिट येईल, लोक हसतील, बहीण वाटी खाली ठेवेल. मग शिट्टी, मग शटर. तेव्हा किती जणांच्या माना आवाजाच्या दिशेनं वळतात ते मोजा. दहाच्या वर वळल्या तर शेवटाला हात लावू नका. कमी वळल्या तर मला त्या प्रसंगाचे दोन मिनिटांचे ट्रॅक पाठवा, संवाद वेगळे, आवाज वेगळे, बघू काय करता येतं.